दिवा मंद का झाला?

"धर! घट्ट धर गं! सुटली तर परत सगळं जोडावं लागेल!" सत्यजीत ओरडला.

"धरलीय रे! पण ही गरगरतेय केवढी! बोटांना गुदगुल्या होतायत!" मिताली खिदळत म्हणाली.

मे महिन्याची दुपार होती. सुकापूरच्या वनश्री सोसायटीत तळमजल्याच्या गॅलरीत तिघांचा कारखाना भरात आला होता. सत्यजीत आठवीत जाणार होता. त्याच्या घरचा जुना टेपरेकॉर्डर कायमचा मुका झाला होता. त्यातली छोटी मोटार काढून तिचा पंखा करायचा, असा त्याचा बेत होता. शेजारच्या रेवाने बॅटरीचे सेल आणले होते. तिची धाकटी बहीण मिताली हिने काहीच आणलं नव्हतं, पण सल्ले मात्र भरपूर आणले होते.

"पंख्याबरोबर दिवा पण पेटला पाहिजे," असा एक सल्ला तिने दिला होता. म्हणून सत्यजीतने सेल, टॉर्चचा बल्ब आणि मोटार एकामागोमाग एक, एकाच तारेत ओवली होती.

"अरे, थांबा!" रेवा एकदम म्हणाली. "बल्ब बघा! मोटार फिरते तेव्हा अगदी मिणमिणता असतो. आणि मितालीने मोटारीचा दांडा धरला की लख्ख पेटतो! सोड गं... आता धर... पुन्हा सोड!"

खरंच की! धरलं की लख्ख, सोडलं की मंद!

"माझ्या हातात वीज आहे!" मितालीने जाहीर केलं.

"तुझ्या हातात चिकट आंब्याचा रस आहे," सत्यजीत म्हणाला. "पण हे उलटंच झालं की! मोटार काम करत नाही तेव्हा वीज जास्त लागते? असं कसं?"

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "जळाली! विहिरीवरची मोटार परत जळाली!"

तिघंही चपला न घालता धावत सुटले.

सोसायटीच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर होती. तिच्या काठावर पत्र्याचं छोटं पंपघर होतं. सगळ्या इमारतींचं पाणी याच विहिरीतून वरच्या टाक्यांत चढायचं. पंपघरातून जळक्या रबरासारखा वास येत होता. दारात सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्तकाका प्रधान उभे होते आणि त्यांच्यासमोर पंप चालवणारा देवजी मान खाली घालून उभा होता. देवजी, त्याची बायको साळू आणि मुलगी सोनम विहिरीपलीकडच्या झोपडीत राहत. ते मूळचे कर्नाळ्याच्या जंगलाकडचे.

"पंधरवड्यात दुसऱ्यांदा!" गुरुदत्तकाका कडाडले. "बटण दाबायचं आणि झोपायचं! विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटार कोरडी चालू! जळेल नाही तर काय होईल?"

"नाय सायेब, मी झोपलो नवतो," देवजी म्हणाला. "पानी हाय विहिरीत. बटान दाबला, मोटार नुसती हूं करत बसली. मी बंद करायला पळलो, तवर धूर आला."

"कारणं सांगू नकोस! रविवारी मिटिंग आहे. तिथे सगळ्यांसमोर निकाल लावतो. दुसरा माणूस बघितलाय मी. तुला झोपडी रिकामी करावी लागेल!"

 देवजीच्या मागे त्याची सोनम उभी होती. ती रेवाच्याच वयाची, सुकापूरच्या शाळेत शिकणारी आणि पोहण्यात गावातल्या सगळ्या मुलांना हरवणारी. एरवी तिचं तोंड क्षणभर बंद नसायचं. आज ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

गर्दी पांगल्यावर रेवा तिच्याजवळ गेली.

"सोनम, खरं काय झालं?"

"बाबा सांगतो तेच खरं!" सोनम उसळून म्हणाली. "विहिरीत दोन पुरुष खोल पानी हाय. बघ ना वाकून! मागच्या टायमाला पन असंच झालं. मोटार फिरलीच नाय. पन आमचं कोन ऐकतंय?"

"आम्ही ऐकतोय," सत्यजीत म्हणाला.

"तुमी ऐकून काय फायदा? तुमाला मिटिंगमध्ये घेतात का?"



तिघं रेवाच्या घरच्या गॅलरीत परतले तेव्हा तिच्या आईची वेगळीच तक्रार चालू होती. "पाणी गेलंच, वर चटणीही भरड राहिली! मघाशी मिक्सर असा रडत होता जसं काही जेवलाच नाही. आणि स्वयंपाकघरातला दिवा तर निखाऱ्यासारखा झाला होता."

रेवाचे कान टवकारले. "आई, किती वाजता? म्हणजे, कधी?"

"मोटार जळाली ना, त्याच्या जरा आधी. एरवीही मोटार सुरू झाली की दिवा डोळा मिचकावतो. पण लगेच ठीक होतो. आज होईचना!"

"आणि मागच्या वेळी?"

"हो गं, तेव्हाही असंच झालं होतं. मी मिक्सर बिघडला म्हणून यांना बोललेसुद्धा."

रेवाने सत्यजीतकडे पाहिलं. सत्यजीतने बल्बकडे पाहिलं. मितालीने दोघांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "आत्याला विचारा ना! तुम्ही दोघं नुसते घुबडांसारखे काय बघताय?"

रेवाची कुमुदआत्या पुण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. सुट्टीसाठी ती भावाकडे आली होती आणि आत पडून वर्तमानपत्र वाचत होती. मुलांनी तिला अक्षरशः ओढत गॅलरीत आणलं आणि धरलं-सोडलं करून दाखवलं.

आत्याचे डोळे चमकले. "वा! हे तुम्ही स्वतः शोधलंत? बरं, सायकलच्या डायनॅमोत काय होतं?"

"चाक फिरलं की वीज तयार होते," सत्यजीत म्हणाला.

"का? चुंबकाजवळ तारेची गुंडाळी असते आणि दोघांपैकी एक फिरतं म्हणून. आता सांग, या मोटारीत काय आहे?"

"चुंबक... आणि तारेची गुंडाळी... आणि गुंडाळी फिरते!" सत्यजीतने कपाळावर हात मारला. "म्हणजे मोटार फिरताना ती डायनॅमोपण होते?"

"शाब्बास! ती फिरता फिरता स्वतःच वीज तयार करते आणि ती नेमकी उलट्या दिशेने ढकलते. सेल म्हणतो पुढे, ती म्हणते मागे. त्यामुळे थोडीच वीज आत शिरते. याला बॅक ईएमएफ म्हणतात. आपण उलटा दाब म्हणू. मोटार जितकी जोरात फिरेल तितका उलटा दाब मोठा."

"आणि मी धरली की उलटा दाब गायब!" मिताली ओरडली. "मग वीज धो धो आत!"

"अगदी! आणि ती धो धो वीज गुंडाळीत नुसती उष्णता करत बसते. हात लावून बघ."

मितालीने मोटारीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "बाप रे! तापलीय!"

"पण आत्या," रेवा विचार करत म्हणाली, "इथे मोटार अडली की बल्ब लख्ख होतो. आणि स्वयंपाकघरातला दिवा तर मंद झाला. हे उलटं नाही का?"

"चांगला प्रश्न विचारलास! तुमचा बल्ब मोटारीच्याच तारेत ओवलाय. मोटारीत जाणारी सगळी वीज त्याच्यातून जाते, म्हणून तो लख्ख. घरातला दिवा तसा नाही. तो मोटारीच्या शेजारी, त्याच लाइनवर आहे. खाली कुणी मोठा नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार कशी बारीक होते? तसंच. विहिरीवरची मोटार अडून वीज ओढत राहिली की आपल्या दिव्याचा दाब उतरतो."

 रेवा ताडकन उठली.

"आत्या! मोटार पाण्याशिवाय कोरडी चालली असती, तर ती अडली असती का?"

"छे! उलट हलकी होऊन भन्नाट फिरली असती. पंपाचं नुकसान झालं असतं, पण उलटा दाब पुरेपूर राहिला असता."

"म्हणजे आईचा दिवा मंद राहिला नसता! देवजीकाका खरं बोलतायत! मोटार फिरलीच नव्हती! कशाने तरी अडकली होती!"

"हुर्रे!" मितालीने उडी मारली.

"हुर्रे कसली?" सत्यजीत म्हणाला. "कशाने अडकली ते कुठे कळलंय? गुरुदत्तकाका म्हणतील, चटणीच्या मिक्सरची साक्ष मी मानत नाही!"

दुसऱ्या दिवशी आत्याला पनवेलच्या बाजारात जायचं होतं. सत्यजीत आणि रेवा तिच्या रिक्षात घुसले. एसटी स्टँडमागच्या गल्लीत रमेशचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. सोसायटीची मोटार तिथेच उघडून ठेवली होती. आतली तांब्याची तार कोळशासारखी काळी पडली होती.

सत्यजीतने मोटारीचा दांडा हाताने फिरवून पाहिला. तो अलगद फिरला.

"मोटार तर मोकळी आहे! मग अडकलं काय?" त्याने विचारलं.

"पंप जाम होता," रमेश तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "मोटार सोडवली, पंपाला पान्याने दोन झटके दिले, सुटला. मागच्या वेळी पण तसंच केलं."

"पण उघडून नाही बघितलं? आत काय अडकलंय ते?"

"मला कुठे सांगितलं होतं? प्रधानसाहेब घाईत होते, बोलले मोटारीत नवी तार भर आणि बसव."

"आणि फ्यूज का नाही उडाला?" आत्याने विचारलं. "एवढी वीज ओढल्यावर फ्यूजची तार आधी वितळायला हवी होती."

रमेशने मान खाजवली. "ते... होळीनंतर फ्यूज सारखा उडायला लागला होता, मॅडम. साहेब वैतागले, बोलले जाड तार टाक, कटकट नको. मी टाकली."

"अहो, तो फ्यूज ओरडून सांगत होता, काहीतरी अडकतंय म्हणून! तुम्ही त्याचं तोंडच बांधलंत!" आत्या म्हणाली.

रमेश वरमला. "खरं आहे. होळीच्या जरा आधी पाईपाच्या तळाची जाळी पण काढली होती आम्ही. साहेब बोलले, जाळीमुळे पाणी सावकाश चढतं."

रेवा आणि सत्यजीत एकमेकांकडे बघतच राहिले. जाळी नाही! म्हणजे विहिरीतलं काहीही सरळ पंपात!

निघताना आत्याने फ्यूजची योग्य जाडीची तार विकत घेतली आणि पिशवीत टाकली.

शनिवारी संध्याकाळी रमेशने मोटार बसवली. पण ती सुरू करायला गुरुदत्तकाकांनी मनाई केली. रविवारी मिटिंगआधी आपणच बटण दाबायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी आत्या सोसायटीच्या अध्यक्ष दमयंतीआजींना भेटायला वर गेली. मुलं देवजीकडे आली.

"देवजीकाका, आम्हाला पाईपाचा तळ बघायचाय," रेवा म्हणाली.

"मी उतरते," सोनम लगेच पुढे झाली. "पायऱ्या तर हायत अर्ध्यापर्यंत. खाली बुडी मारली की पाईप हाताला लागतो."

"पन आधी वीज बंद," देवजी म्हणाला. "पाईप लोखंडाचा हाय. मोटार परत जळली आनि करंट उतरला तर?"

स्टार्टर आणि फ्यूज विहिरीवर नव्हते. ते इमारतीखालच्या मीटरच्या खोलीत होते आणि तिथून विहीर दिसत नसे. देवजीने मेन स्विच बंद केला आणि चिनीमातीचे दोन्ही फ्यूज उपसून काढले. तो ते खिडकीत ठेवणार, तेवढ्यात रेवाने हात पुढे केला.

"इथे नको काका. कुणीतरी सहज बसवेल. माझ्या खिशात असू देत."

मितालीला खोलीच्या दारात पहाऱ्यावर बसवलं. बाकीचे विहिरीवर आले. देवजीने सोनमच्या कमरेला दोर बांधला आणि तो स्वतः शेवटच्या पायरीवर उभा राहिला. सोनमने नाक धरलं आणि धपकन बुडी मारली. ती वर आली तेव्हा तिच्या मुठीत पांढरट झिपऱ्यांचा लगदा होता.

"पाईपाच्या तोंडाला लई हायत!" ती धापा टाकत म्हणाली. "आजून आनते!"

सत्यजीतने लगदा पिळून बघितला. "हे तर प्लास्टिकचे धागे! विहिरीत कुठून आले?"

रेवाने समोर पाहिलं. विहिरीचा कठडा एका बाजूला ढासळला होता. तिथे सिमेंटच्या प्लास्टिकच्या गोण्या वाळूने भरून रचल्या होत्या. उन्हाने त्या पार कुजल्या होत्या. वारा आला की त्यांचे धागे सुटून सरळ पाण्यात पडत होते.

"गुरुदत्तकाकांनीच रचून घेतल्या होत्या!" रेवा म्हणाली. "गवंडी कशाला, गोण्या पुरेत, असं म्हणाले होते!"

तेवढ्यात मिताली धावत येताना दिसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काका आले! मी म्हटलं आत साप आहे, तरी ऐकलं नाही! त्यांनी मेन स्विच चालू केला आणि बटण दाबलं!"

 रेवाने खिसा चाचपला. फ्यूज जागेवर होते. सोनम पुन्हा बुडी मारून पाण्याखाली होती आणि तिचा हात लोखंडी पाईपावर होता!

"मोटार लागली नाही म्हणून चिडलेत! घरात जुने फ्यूज आहेत, ते आणायला गेलेत!"

"सत्या, पळ!" रेवा किंचाळली. "दारात उभा राहा! काही झालं तरी आत सोडू नको!"

सत्यजीत बाणासारखा सुटला. देवजीने दोर खेचला. एकदा, दोनदा. पाण्यावर बुडबुडे आले आणि मग सोनमचं डोकं! देवजीने तिला दंडाला धरून पायरीवर ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं.

"काय झालं बाबा? एवढा काय खेचतो?" सोनम खोकत म्हणाली.

देवजीने तिच्या कमरेचा दोर सोडायला घेतला.  रेवाने खिशातल्या फ्यूजवरची मूठ काही सोडली नव्हती.

मीटरच्या खोलीच्या दारात सत्यजीत दोन्ही हात पसरून उभा होता.

"बाजूला हो!" गुरुदत्तकाका ओरडत होते. "फ्यूज चोरलेत तुम्ही! मिटिंगमध्ये तुमच्या वडिलांनाच विचारतो!"

"विचारा काका! पण विहिरीत माणूस उतरलंय! पाईपाला हात लावून!"

गुरुदत्तकाकांचा हात हवेतच थांबला. "काय? कोण?"

"मी," मागून सोनम म्हणाली. ती नखशिखांत निथळत होती.

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांच्या हातातला फ्यूज खाली पडून फुटला.

"आणि मी बटण..." ते पुटपुटले. "देवा! बरं झालं फ्यूज नव्हते! बरं झालं!"

तोवर आत्या आणि दमयंतीआजी जिना उतरून आल्या होत्या. मिटिंगसाठी निघालेली माणसंही जमली. आजी म्हणाल्या, "गुरुदत्त, आधी या मुलांचं ऐकू या."

मग टेपरेकॉर्डरची मोटार बाहेर आली. सत्यजीत सगळं दाखवत होता, रेवा समजावत होती आणि मिताली दांडा धरायचं काम मोठ्या रुबाबात करत होती. रेवाच्या आईने चटणीची साक्ष दिली. गुरुदत्तकाका गोण्यांच्या धाग्यांकडे बघत राहिले.

"पण रमेशने परवाच पंप मोकळा केलाय," ते हळूच म्हणाले. "पुन्हा अडकेल कशावरून?"

"मग बघू या ना," सत्यजीत म्हणाला. "योग्य फ्यूज घालून. काही गडबड असली तर फ्यूज उडेल. मोटार वाचेल."

आत्याच्या पिशवीतली बारीक तार देवजीने फ्यूजमध्ये बसवली. आईने जिन्यातला दिवा लावला. सगळ्यांना विहिरीपासून लांब उभं केलं.

"दाबा काका!" मिताली म्हणाली.

गुरुदत्तकाकांनी बटण दाबलं. हूं... असा घुमलेला आवाज आला. जिन्यातला दिवा एकदम पिवळा, मग तांबूस झाला. तो तसाच राहिला. पुढच्याच क्षणी, फट्!

फ्यूज उडाला आणि आवाज थांबला.

देवजी पंपघरात धावला, त्याने मोटारीवर तळहात ठेवला आणि तो हसला. "ठीक हाय! जळली नाय!"

मेन स्विच पुन्हा बंद करून पंप उघडला. आतल्या चक्राभोवती पांढऱ्या धाग्यांचा हा एवढा गोळा घट्ट आवळून बसला होता! तो कापून काढायला विळी आणावी लागली. मग आत्या आणि देवजीने पाईप वर ओढून घेतला. त्याच्या तोंडाला पंपघरात पडलेली जुनी जाळी पुन्हा बसवली. गोण्या काढून लांब टाकल्या. नवा फ्यूज घातला.

"आता देवजीने दाबू दे," दमयंतीआजी म्हणाल्या.

देवजीने बटण दाबलं. दिव्याने एकदाच डोळा मिचकावला आणि लगेच लख्ख झाला!

"उलटा दाब आला!" तिघं आणि सोनम एकदम ओरडले.

पाईपातून खळखळ सुरू झाली. वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "आलं! पाणी आलं!" मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या खिडक्यांतून बादल्यांचा आवाज सुरू झाला.

गुरुदत्तकाका देवजीसमोर आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "देवजी, चूक माझी होती. तीनदा. जाळी मीच काढायला लावली, जाड तार मीच टाकायला लावली, गोण्या मीच रचल्या. आणि वर तुलाच बोललो. मला माफ कर."

"असू दे सायेब," देवजी म्हणाला. "पोरगी वर आली, बास झाला."

"उद्या गवंडी येईल. कठडा पक्का बांधू. आणि या चौघांना विचारल्याशिवाय मी यापुढे एक तारही बदलणार नाही!"

सगळे हसले. दमयंतीआजींनी सोनमच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "आमच्यासारखे मोठे मिटिंग भरवत बसले होते आणि तुम्ही विहिरीचा तळ गाठलात. शाबास पोरांनो! पण पुन्हा असं काही करायचं असेल तर आधी आम्हालाही सांगायचं. तुमचं धाडस आवडलं, पण माझं काळीज म्हातारं आहे!"

आत्या सत्यजीतला म्हणाली, "बॅक ईएमएफ शिकवायला मला कॉलेजात आठवडा लागतो. तुम्ही आज सगळ्या सोसायटीला शिकवलंत."

"आत्या, मला पन शिकवशील?" सोनमने विचारलं. "मोटारीचं सगळं?"

"उद्यापासून रोज. गॅलरीत ये."

चौघं सोनमच्या झोपडीकडे गेले. दारात साळू उभी होती. तिच्या मागे दोन गाठोडी बांधून ठेवली होती. भांडी, गोधड्या, सोनमची शाळेची पाटी, सगळं. मिटिंग झाली की निघायचं, म्हणून तिने पहाटेच आवरून ठेवलं होतं.

"आये, र्‍हायचं हाय आपल्याला!" सोनम ओरडली. "हितंच!"

 साळू खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. रेवाने एक टोक धरलं, मितालीने दुसरं. गाठ सुटली. साळूने आतून तवा काढला, चुलीवर ठेवला आणि डोळे पुसत म्हणाली, "बसा रं पोरांनो. भाकरी खाऊनच जावा."

मिताली सर्वात आधी मांडी घालून बसली.